नळाला आलेला माज

पहाटे पावणेपाचला न्हाणीत धाडकन आवाज झाला. बायको म्हणाली, "मांजर." मी म्हणालो, "चोर." दोघंही चुकलो. भिंतीतली पितळी तोटी आटे सोडून उडाली होती, समोरच्या आरशाला तडा देऊन बादलीत पडली होती, आणि तिच्या जागेवरून अंगठ्याएवढी जाड धार ताणलेल्या दोरीसारखी सरळ आडवी निघून भिंतीवर फुटत होती. मी दारात उभा राहून नखशिखांत भिजलो. खरं सांगतो, राग आला नाही, भीतीही वाटली नाही. ऊर भरून आला.

कारण हे बीड जिल्ह्यात घडत होतं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सोयरे हंडे घेऊन मुक्कामाला येतील. बालाघाटाच्या उतारावरचं एक गाव, एवढं पुरे. आमच्याकडं 'नळाला पाणी येतं' असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडं नळ येतात. "नळ कधी आलते?" "मागच्या गुरवारी." "आता कधी येतेल?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसतं आभाळाकडं बघायचं असतं. हे नळ जावयासारखे असतात. वेळ सांगत नाहीत, रात्री-अपरात्री येतात, आणि आले की अख्खं घर उठून उभं राहतं. चुकामूक होऊ नये म्हणून अंगणातली तोटी उघडी ठेवून तिच्याखाली पत्र्याचा डबा पालथा घालायची आमच्या गल्लीची रीत आहे. पहिला थेंब डब्यावर वाजला की घरं जागी होतात.

थेंबाच्या आधी हवा येते. आठवडाभर रिकाम्या पडलेल्या पाइपात पाणी शिरलं की ते आतली हवा पुढं ढकलतं. तोटी आधी फुसफुसते, मग खोकते, मग चहाच्या रंगाचं काहीतरी थुंकते आणि मग करंगळीएवढी धार धरते. त्या धारेवर हंडा, कळशी, घागर, पिंप, ड्रम आणि शेवटी कुकरसुद्धा भरायचा, एवढीच आमची जलविद्या. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे, हे मात्र थोड्यांच्या लक्षात राहिलं. जिथं धरणच कोरडं पडतं, तिथल्या माणसाला 'नळाचं प्रेशर जास्त झालं तर काय करावं' असं कुणी विचारलं, तर तो विचारणाऱ्याला बसायला पाट देईल आणि डोक्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवील. अर्थात, पाणी असेल तर.

त्या पहाटे आमचा डबा वाजलाच नाही. धारेनं तो उचलून तुळशीपाशी नेऊन टाकला होता.

झालं होतं असं. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर नवी उंच टाकी झाली आणि गल्लीत नवी पाइपलाइन पडली. आमचं घर गल्लीच्या तळाला, ओढ्याच्या काठाला. सोयरीक जुळवताना 'खालच्या आळीचे' म्हणून नाक मुरडलं जायचं, तेच हे घर. पाण्याला मात्र खालची आळी फार आवडते. पाण्याचा हिशेब सोपा असतो. पाणी नळाच्या जितकं वर उभं, तितका त्याचा नळावर भार. दर 10 मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. फिटर लोक नुसतं 'किलो' म्हणतात, वांगी मोजल्यासारखं. टाकीची उंची आणि टेकडीचा उतार धरून आमच्या तोटीवर 35 मीटर पाणी उभं होतं. साडेतीन किलो.

सकाळी सातपर्यंत बातमी गल्लीभर झाली. लोक बघायला आले. न्हाणीत एका वेळी तीनच माणसं मावतात, त्यामुळं रांग लागली. फिटर येईपर्यंत मी त्या भोकात लाकडी खुंटी ठोकली होती, ती काढून मी प्रत्येक तुकडीला धार दाखवत होतो. "इतकं प्रेशर असतंय व्हय!" असं एकानं म्हटलं तेव्हा जणू मीच ते पंपानं भरलं होतं, अशा नम्रतेनं मी मान खाली घातली. पुण्याच्या मुलाला फोन लावला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून सांगितलं, "घरात प्रेशर फार वाढलंय."

"गोळी घेतली का?" तो घाबरून म्हणाला. "मीठ बंद करा आधी."

बीडच्या माणसाचं प्रेशर वाढलं म्हणजे रक्ताचंच, पाण्याचं कसं असेल, हे त्याचंही बरोबरच होतं.

फिटर आला. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, कानात बिडीऐवजी पेन्सिल, हातात पाइप पाना. त्यानं टेफ्लॉन टेप गुंडाळून नवी तोटी बसवली आणि गल्लीत सगळ्यांना माहीत असलेला उपाय केला. मीटरजवळचा कॉक अर्धा बंद केला. "झालं काका. आता कसं मवाळ झालंय बघा." खरंच धार मवाळ झाली होती. मी त्याला चहा पाजला.

नवी लाइन तपासायची म्हणून पहिले चार दिवस पाणी तासन्‌तास सुटत होतं. दुसऱ्या रात्री दीड वाजता स्वयंपाकघरातला एल्बो फुटला आणि पाणी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात थेट शिरलं. एवढी मोठी भाकरी एकदम मळली गेलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शेजारचे गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते लुंगीवरच धावत आले आणि पिठात उभे राहून त्यांनी तास घेतला. "अर्ध्या कॉकनं प्रेशर कमी होत नसतं. धार कमी होते. पाणी वाहत असलं तरच अर्धा कॉक त्याला अडवतो. रात्री तुम्ही सगळे नळ बंद केले, पाणी उभं राहिलं. उभ्या पाण्याला कॉक अर्धा काय अन् चिरभर काय, टाकीपासून तुमच्या एल्बोपर्यंत सलग एकच पाणी. सगळा साडेतीन किलो भार हळूहळू आत येऊन बसतो." मला ते पटलं. वाहतं ठेवलं तर शांत आणि अडवलं तर फुटायच्या बेतात, अशी माणसं आमच्या भावकीतही आहेत.

गुरुजींचं विज्ञान पक्कं, पण ते वर्गापुरतं. मागच्या वर्षी गच्चीवरच्या नळाला जोर नाही म्हणून त्यांनी 500 लिटरची टाकी काढून 2,000 लिटरची बसवली होती. चाळीस वर्षं पोरांना पास्कल शिकवला, पाण्याचा दाब उंचीवर असतो, रुंदीवर नसतो, हे फळ्यावर हजारदा लिहिलं, आणि स्वतःच्या गच्चीवर मात्र रुंदी वाढवली. धार होती तेवढीच राहिली, फक्त चारपट वेळ तेवढीच राहिली. मग त्यांनी टाकीखाली चार फुटांचा विटांचा ओटा बांधला, तेव्हा कुठं किलोचा आठवा भाग पदरात पडला. हा विषय आम्ही त्यांच्यासमोर काढत नाही.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "भिंतीत कुणीतरी ठोकतंय." तिचं वय 82. आम्ही दुर्लक्ष केलं. दुपारी मलाही ऐकू आलं. बायकोनं कपड्यांचं मशीन लावलं होतं. मशीन पाणी घ्यायचं, थांबायचं, आणि थांबलं की भिंतीतून 'धप्' असा हुंकार यायचा. आईनं लिंबू-मिरची आणायला सांगितली. मी गुरुजींना आणलं.

त्या भुताला इंग्रजांनी हातोड्याचं नाव दिलंय, वॉटर हॅमर. पाइपातलं पाणी म्हणजे धावती आगगाडी. मशीनचा व्हॉल्व्ह एका क्षणात मिटतो, इंजिन जागेवर थांबतं आणि मागचे सगळे डबे येऊन आदळतात. दाब त्या क्षणापुरता कितीतरी पट चढतो आणि पाइप भिंतीवर ठोसा मारतो. रशियात ज्यांना विमानविद्येचे जनक मानतात त्या झुकोव्हस्कींनी 1890 च्या दशकाच्या अखेरीला मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. शहराचे पाइप का फुटतात, हे शोधायचं होतं. इतका मोठा माणूस नळावर डोकं झिजवून गेला, त्याचं सार आमच्या आईला एका वाक्यात कळलं. "म्हंजी तोटी हळू बंद करायची." लिंबू-मिरची तरीही बांधली. ती अजून आहे.

आता मुलानं पुण्याहून फर्मान काढलं की दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. पीआरव्ही, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह. मी बाजारातल्या दुकानात गेलो.

"प्रेशरसाठी काहीतरी दाखवा."

दुकानदाराचा चेहरा खुलला. त्यानं अर्ध्या एचपीची मोटार, एक एचपीची मोटार आणि बूस्टर पंप असे तिन्ही काउंटरवर मांडले. "हा लावा. चौथ्या मजल्यावर शॉवर उडतंय."

"वाढवायचं नाही. कमी करायचंय."

दुकान शांत झालं. सुतळीचं बंडल घेणारा एक शेतकरी वळून माझ्याकडं बघू लागला. दुकानदारानं मोटारी हळूच आत घेतल्या. "काका," तो म्हणाला, "पाण्याचं प्रेशर कमी करायला पैसे द्यायलेत?" मी हो म्हणालो. "कामून?" तो म्हणाला. या एका शब्दापुढं माझं काही चाललं नाही. शेवटी तो व्हॉल्व्ह संभाजीनगरहून मागवावा लागला.

वस्तू मोठी छान होती. मुठीत मावणारं पितळ, आत स्प्रिंग आणि रबरी पडदा, डोक्यावर पिळायचा स्क्रू. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्याला पोचला की पडदा वाट मिटवतो. त्यामुळं रात्री नळ बंद असले, पाणी उभं असलं, तरी मागचा भार पुढं सरकत नाही. अर्ध्या कॉकला जे जमत नाही ते याला जमतं. फिटरनं अंगावरचा बाण बघून तो पाण्याच्या दिशेनं बसवला, शेजारी घड्याळासारखा गेज लावला आणि काटा दोन किलोवर आणला. गल्लीत या यंत्राला 'माज उतरवायचा कॉक' असं नाव पडलं. दोन-तीन जणांनी तो माणसांसाठी मिळतो का, याचीही चौकशी केली.

आणि इथं गुरुजींनी आणखी एक सुई टोचली. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांत हा व्हॉल्व्ह सक्तीचा होतो तो साधारण साडेपाच किलोच्या पुढं. म्हणजे त्यांच्या पुस्तकाप्रमाणं आमचं साडेतीन किलो प्रेशर अगदी निरोगी होतं! मग फुटलं कसं? फुटलं ते प्रेशर नव्हतं, फुटले आमचे पाइप. वडिलांच्या काळातली ती लाइन. तीस वर्षं तिच्यातून आठवड्याला दोन तास पाणी गेलं आणि उरलेला वेळ गंज चढला. दुष्काळात वाढलेल्या पाइपाला पंगतीत बसवून एकदम बासुंदी वाढली, की जे पोटाचं होतं तेच त्याचं झालं. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत एकमजली घराच्या नळाला निदान 7 मीटर, दुमजलीला 12 आणि तिमजलीला 17 मीटर उंचीइतका दाब असावा असं लिहिलं होतं. आमच्या गल्लीनं यातला एकही आकडा कधी पाहिला नव्हता. म्हणून तर घरटी मोटार. नळ आले की प्रत्येक जण लाइनला थेट मोटार जोडून ओढतो. एकानं ओढलं की पुढच्याला कमी, म्हणून तो मोठी मोटार आणतो. ओढाओढीत पाइपातला दाब इतका खाली जातो की फुटक्या सांध्यांतून गटारीचं पाणी आत खेचलं जातं. मग दवाखान्यात रांग लागते. तिथं मात्र प्रेशर कायम असतं.

माझा माज उतरवायचा कॉक दीड महिना चालला. एके दिवशी गेजचा काटा दोनवरून निघाला आणि साडेतीनवर जाऊन बसला. फिटरनं खोलून पाहिलं. पडद्याखाली रेती, गंजाचे पोपडे आणि एक गोगलगायीचं शिंपलं. व्हॉल्व्हच्या आधी जाळी बसवायला हवी होती आणि ती दर महिन्याला धुवायला हवी होती. पण आमच्या पाण्याबरोबर जे येतं ते गाळत बसायचं तर दुसरा फिटर पगारावर ठेवावा लागला असता.

तेव्हा मला खजाना विहीर आठवली. बीड शहराबाहेरची ही विहीर निजामशाहीच्या काळात, 1582 मध्ये सलाबत खानानं बांधवली. सरकारजमा करायचा खजिना त्यानं तिच्यात घातला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. खजिन्यातून विहीर निघाल्याचं हे उदाहरण आपल्याकडं तरी एकमेव असावं. तिच्यातलं पाणी जमिनीखालच्या भुयारी पाटानं, मोटार न लावता, नुसत्या उतारानं शेतीला जातं. संभाजीनगरच्या पाणचक्कीला डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून आणलं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून पाणी आणलं, तेव्हा त्या नळाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं उंच मनोरे बांधले. कोंडलेली हवा आणि चढलेला दाब तिथून बाहेर पडायचा. त्या मनोऱ्यांचं नाव 'उच्छ्वास'. मला हे नाव फार आवडतं. पाण्याचा माज त्या लोकांनी स्प्रिंग लावून दाबला नाही. त्याला वाटेत श्वास सोडायला जागा करून दिली.

आजही डोंगरउतारावरच्या पाणीयोजनांत हेच करतात. उतारावर मध्येच एक उघडी टाकी बांधतात, पाणी तिच्यात पडतं, आभाळ बघतं, सगळा जोर तिथंच सोडतं आणि पुन्हा शून्यापासून निघतं. तिला बीपीटी म्हणतात, ब्रेक प्रेशर टँक. आमच्या अंगणात असली टाकी वडिलांच्या काळापासून होती. तिला आम्ही हौद म्हणत होतो.

चूक एवढीच होती की रस्त्यावरून आलेला पाइप आधी न्हाणी, मग मोरी, मग स्वयंपाकघर असा घरभर हिंडून शेवटी हौदाला जायचा. फिटरनं तो उलटा केला. बाहेरचं पाणी थेट हौदात, हौदातून छोट्या मोटारीनं गच्चीवर, गच्चीवरून घरात. आता आमच्या तोटीवर जास्तीत जास्त 20 फूट पाणी उभं असतं, म्हणजे किलोला सहा छटाक कमी... नाही, आईच्या हिशेबानं गुंतलो. किलोच्या सहा दशांश. बादली सावकाश भरते. आरसा बदलला, त्याला तडा नाही. आईला भिंतीत कुणी ऐकू येत नाही. याचं श्रेय लिंबाला.

इथं हा लेख संपायला हवा होता. पण पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा गल्लीच्या वरच्या टोकाच्या मावशी कंबरेवर रिकामी घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचा हौद वतू जायलाय, रस्त्यानं पाणी चाललंय. अन् मपल्या नळाला नुसती हवा येती." मी हौदाकडं पाहिलं. साडेतीन किलोची धार मोकळ्या तोंडानं पडत होती, हौद वीस मिनिटांत भरून वाहत होता. ज्या पाण्याचा मला अभिमान होता ते मावशींच्याच दारापुढून उतरून आलं होतं. खालच्याचं जास्तीचं प्रेशर म्हणजे वरच्याचं नसलेलं पाणी. इतके दिवस मी गेज बघत होतो आणि एवढं कळलं नव्हतं.

मी जाऊन मीटरजवळचा तो पहिला, नालायक ठरवलेला कॉक पुन्हा अर्धा बंद केला आणि हौदाला बॉल कॉक बसवला. अर्ध्या कॉकनं प्रेशर कमी होत नाही, धार कमी होते, हे गुरुजींनी पिठात उभं राहून सांगितलंच होतं. आता धारच कमी करायची होती. आमचा हौद वीसऐवजी पन्नास मिनिटांत भरायला लागला, काही बिघडलं नाही. मग खालच्या आळीतल्या बाकीच्या सहा घरांत मी आणि गुरुजी जाऊन आलो. चौघांनी ऐकलं. दोघांनी "कामून?" विचारलं. त्यांच्याकडं पुन्हा जायचं आहे.

मागच्या मंगळवारी पहाटे मावशींच्या तोटीखालचा डबा वाजला. त्यांनी मोटार लावली नाही. अकरा घागरी भरल्या.